पडता बर्फ बघायचाय? मग अशी तयारी करा

हिमाचलला जाऊन आलेल्या दहा जणांना विचारा, "बर्फ बघितलात का?" दहाही जण हो म्हणतील आणि मोबाइल काढून फोटो दाखवतील. भाड्याचा गुलाबी कोट, भाड्याचे गमबूट आणि मागे मळकट पांढरा उतार. आता विचारा, "पडताना बघितलात का?" त्यातले सात-आठ जण तरी विषय बदलतील.

मला तो तिसऱ्या खेपेला दिसला. पहिली खेप मे महिन्यातली, रोहतांगची. रस्त्याच्या कडेला उरलेला, डिझेलच्या धुराने काळवंडलेला बर्फ, त्यावर मॅगीचे कागद. दुसरी खेप डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. टूरवाल्याने पत्रकात 'स्नोफॉल गॅरंटीड' छापलं होतं आणि पाच दिवस असं लख्ख ऊन पडलं की कुरडया वाळल्या असत्या. तिसऱ्या वेळी मी टूर घेतली नाही. आईला घेऊन फेब्रुवारीत शिमल्याच्या पुढच्या नारकंड्याला गेले आणि तिथे सहा रात्री राहिले. आम्ही जळगावच्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. आईच्या लेखी बर्फ म्हणजे लग्नाच्या मांडवात पाण्याच्या पिंपात टाकायची लादी.

या तीन खेपांत जे चुकलं आणि जे जमलं, ते सगळं पुढे लिहिलंय. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करा: बर्फ बुक करता येत नाही. आपल्या हातात असते ती फक्त योग्य जागी, योग्य वेळी वाट बघत बसण्याची सोय. पुढचं सगळं त्या सोयीबद्दल आहे.

पहिली पायरी: उंची बघून गाव निवडा

साधारण हिशेब असा की दर हजार मीटर वर गेलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. शिमला साधारण २,२०० मीटर, मनाली त्याहून थोडं कमी, सुमारे २,०५०. या दोन्ही गावांत बर्फ पडतो, पण ती काठावरची गावं आहेत. एखादा अंश इकडचा तिकडे झाला की बर्फाऐवजी पाऊस पडतो. शिमल्याच्या मॉल रोडवर छत्री धरून गारठ्यात भिजणं आणि त्याच वेळी वरच्या कुफरीला बर्फ पडत असणं, हे तिथे नेहमीचंच.

म्हणून राहायचं गाव अडीच हजार मीटरच्या वर असलेलं बरं. शिमल्याच्या बाजूला कुफरी सुमारे २,६०० आणि नारकंडा सुमारे २,७०० मीटरवर आहे. मनालीच्या बाजूला सोलंग साधारण अडीच हजारांवर. त्याच्याही पुढे अटल बोगद्यापलीकडे लाहौलमधलं सिस्सू आहे, तीन हजार मीटरच्या वर. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि एरवी हिवाळाभर जगापासून तुटणारं लाहौल दिवसभराच्या सहलीच्या अंतरावर आलं. पण जोराचा बर्फ पडला की पर्यटकांची वाहतूक आधी इथेच थांबवतात. तेव्हा सिस्सूवर भिस्त ठेवून बेत आखू नका. काश्मीरमध्ये गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि पडत्या बर्फासाठी माझ्या मते देशातल्या सगळ्यात भरवशाच्या जागांपैकी एक. उत्तराखंडात औली.

मी नारकंडा निवडलं ते गर्दी कमी म्हणून. रस्ता चालू असेल तर शिमल्यापासून ते साठ-पासष्ट किलोमीटर. गावात बघण्यासारखं फारसं काही नाही. देवदार, सफरचंदाच्या बागा, एक बाजारपेठ आणि समोर हाटूचा डोंगर. वाट बघायला असंच गाव हवं. जिथे सात 'पॉइंट' असतात तिथे माणूस खिडकीशी बसत नाही.

दुसरी पायरी: महिना आणि मुक्काम

हिमालयात हिवाळ्यात जो बर्फ पडतो तो मोसमी पावसाचा भाऊ नव्हे. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तानावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणाली असतात, त्यांना वेधशाळा 'वेस्टर्न डिस्टर्बन्स' म्हणते. मराठी वर्तमानपत्रांत 'पश्चिमी विक्षोभ' असं छापून येतं. या येतात, दोन-तीन दिवस गोंधळ घालतात आणि पुढे जातात. मध्ये आठ-पंधरा दिवस कोरडे जाऊ शकतात. म्हणजे तीन दिवसांची सहल दोन विक्षोभांच्या मधल्या खिंडीत पडली की संपलं. माझ्या डिसेंबरच्या खेपेचं नेमकं हेच झालं होतं.

त्यातही सगळे विक्षोभ सारखे नसतात. नाताळ आणि ३१ डिसेंबर ही पर्यटकांची आवडती तारीख, पण डिसेंबर बऱ्याचदा कोरडाच जातो. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ मला जास्त भरवशाचा वाटतो. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडक थंडीला 'चिल्लई कलान' म्हणतात. तिथला पक्का बर्फ याच दिवसांतला मानतात. पण हा भरवसाही शंभर टक्के नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं महिनाभर तपकिरी पडली होती. बर्फ आला तो महिना संपता संपता, तोवर कित्येक जण हात हलवत परतले होते.

तेव्हा एकाच जागी किमान पाच रात्री, जमल्यास सहा. 'शिमला-मनाली-धरमशाला सात दिवसांत' हा बेत या कामाला अगदी निरुपयोगी. अर्धी सहल गाडीत जाते. आणि परतीच्या तिकिटाआधी दोन मोकळे दिवस ठेवाच. बर्फ पडला तर रस्ता बंद होणार, आणि ज्यासाठी आलो तेच झाल्यावर 'उद्याचं विमान चुकणार' म्हणून कपाळावर आठ्या, असं नको.

तिसरी पायरी: अंदाज वाचायला शिका

मोबाइलमधल्या हवामानाच्या ॲपवर दहा दिवसांनंतरच्या तारखेसमोर बर्फाचं चिन्ह दिसलं म्हणून नाचू नका. पाच दिवसांच्या आतलं तेवढं धरा. हवामान खात्याचं शिमल्यात आणि श्रीनगरमध्ये केंद्र आहे, त्यांचे इशारे बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हलू नका. आपल्या दृष्टीने गंमत अशी की पिवळा इशारा ही खूशखबर असते. नारिंगी लागायच्या आत वर पोचलेलं असावं. लाल लागल्यावर वर जायला निघणाऱ्याला मी शहाणं म्हणणार नाही. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था वेगळे देते. लाहौल किंवा गुलमर्गच्या वरच्या उतारांवर जाणार असाल तर तेही बघून ठेवा.

आणि स्थानिक माणसाला विचारा. आमच्या होमस्टेचे मालक सफरचंदाचे बागायतदार. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तास सात अंशांखालची थंडी लागते, नाहीतर वसंतात फुलोरा नीट येत नाही. शिवाय हळूहळू विरघळणारा बर्फ जमिनीत जो ओलावा मुरवतो तो पावसाने मुरत नाही. हा माणूस रोज सकाळी अंगणात येऊन पश्चिमेकडे बघायचा. आईने दुसऱ्याच दिवशी ते हेरलं. म्हणाली, "हे आपल्या आप्पांसारखंच बघतात गं." आप्पा म्हणजे माझे आजोबा, रोहिणी संपून मृग लागला की असेच बांधावर उभे राहायचे.

चौथ्या दिवशी दुपारी ते काका आत येऊन म्हणाले, "मॅडमजी, आज गिरेगी." ॲप तेव्हा 'ढगाळ' एवढंच सांगत होतं.

कशावरून? त्यांनी सांगितलेल्या खुणा अशा. दोन दिवस अंगात भरणारा वारा अचानक पडतो. ढग राखाडी, सपाट आणि खाली येतात, समोरचा डोंगर नाहीसा होतो. आणि थंडी चक्क कमी वाटते. लख्ख आकाशाच्या रात्री जमिनीची ऊब निघून जाते, ढग ती पांघरुणासारखी धरून ठेवतात. "आज स्वेटरवरच चाललं की," असं ज्या संध्याकाळी वाटेल, त्या संध्याकाळी झोपू नका.

खोली घेताना काय विचारायचं

हॉटेलच्या फोटोतला सोफा बघू नका. फोनवर चार प्रश्न विचारा. खिडकीतून काय दिसतं, भिंत की दरी? वीज गेल्यावर काय करता? (जाते. बर्फाच्या वजनाने फांद्या तारांवर पडतात.) नळ गोठले तर गरम पाण्याची बादली मिळेल का? आणि रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? या शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व सत्तरीच्या आईला धरून गोठलेल्या साठ पायऱ्या उतरताना कळतं. 'सत्तर मीटर चालत' असं लिहिलेलं असतं, ते सत्तर मीटर आडवे आहेत की उभे ते लिहिलेलं नसतं.

चौथी पायरी: कपडे

आपली पहिली चूक म्हणजे सुती कपडे. सुती बनियन, वर सुती सदरा, वर तीन स्वेटर, खाली जीन्स. चढावर घाम येतो, सुती कापड तो पिऊन बसतं, आणि थांबलं की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून नेतो. जीन्स तर भिजली की दिवसभर वाळत नाही. अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट, एवढे तीन थर पुरतात. उकडलं की मधला काढायचा.

पायांबद्दल मी जरा हट्टी आहे. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले तर रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गारठतात. एक लोकरी मोजा आणि आत बोटं हलतील असा बूट. खास बूट विकत घ्यायची गरज नाही. मनाली-सोलंग रस्त्यावर कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं रांगेने आहेत, नारकंड्यातही मिळाले. घेताना आत हात घालून बघा, आधीच्या गिऱ्हाइकाने ओले करून दिलेले असतात. बूट पाणी धरत असला तर मोज्यावरून प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घाला. दिसायला विचित्र, पण पाय कोरडा.

साडीचा प्रश्न येतो. आतून थर्मल घालून वर साडी नेसणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत, पण घोळ ओला होतो, मग तो गोठतो आणि पाऊल टाकताना खडखडतो. आई पहिल्यांदा ऐकेना. अंबाल्याला उतरल्यावर थंडीचा पहिला झोत अंगावर आला आणि तिने गुपचूप बॅगेतला पंजाबी ड्रेस काढला. आयुष्यातला पहिला. फोटो काढू दिला नाही.

बारीकसारीक: माकडटोपी, न लाजता. हातमोजे दोन जोड, कारण एक भिजतोच. काळा चष्मा हवाच; ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि ऊन निघालं की डोळे चुरचुरतात, नाकाखालीसुद्धा कातडी भाजते. खोबरेल तेल बाटलीतच दगड होतं, त्याऐवजी व्हॅसलीन. डिंकाचे लाडू आणि चिवडा जास्तीचा घ्या, रस्ता बंद झाल्यावर तोच उपयोगी पडतो. रोजची औषधं चार दिवसांची जादा, आणि ज्यांना दमा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो, तिथे धडधाकट माणसालाही धाप लागते. काश्मीरला जाणार असाल तर आणखी एक: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं.

पाचवी पायरी: पोचायचं कसं

मुंबई-पुण्याहून चंदीगडपर्यंत विमान, तिथून गाडी. शिमला सुमारे सव्वाशे किलोमीटर, मनाली तीनशेच्या आसपास. मराठवाड्यातून, खानदेशातून येणाऱ्यांना नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस सोयीची. आम्ही जळगावला बसलो आणि अंबाला छावणीला उतरलो. वेळ असेल तर कालका ते शिमला हा ९६ किलोमीटरचा प्रवास १९०३ पासून धावणाऱ्या छोट्या गाडीने करा. गाडी हळू आहे, पण आपल्याला तरी कुठे घाई आहे.

स्वतःची गाडी वर नेऊ नका. सह्याद्रीच्या घाटात वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही बर्फावर नवशिकाच. तिथला ड्रायव्हर घ्या आणि दोन गोष्टी विचारा: चाकांना बांधायच्या साखळ्या आहेत का, आणि गाडी चारही चाकांनी ओढणारी आहे का. बर्फ पडल्यावर तंगमर्गहून गुलमर्गला किंवा सोलंगच्या पुढे पोलीस बाकीच्या गाड्या सोडतच नाहीत. ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा दुसऱ्या दिवशीचा रस्ता जास्त धोक्याचा. दिवसा वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी डांबरावर काचेचा पातळ थर असतो, जो दिसतच नाही. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, "सडक शीशा हो रखी है." असं त्याने म्हटलं की त्या दिवशी निघायचं नाही. त्याच्याशी हुज्जत घालू नका. "आम्ही पैसे दिलेत" हे वाक्य रस्त्याला ऐकू जात नाही.

सहावी पायरी: तो पडायला लागतो तेव्हा

या भागासाठी तर सगळा खटाटोप.

पावसाची सवय असलेल्या माणसाला बर्फ फसवतो, कारण त्याला आवाज नाही. आपला पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत येतो, आपण झोपेतून उठून दोरीवरचे कपडे काढतो. बर्फ येतो तेव्हा काहीच होत नाही. रात्री पडून गेला तर सकाळी उठून पांढरं अंगण बघाल आणि हळहळाल. म्हणून संध्याकाळी लक्षणं दिसली की दोन कामं करा. बाहेरचा एक दिवा चालू ठेवायला सांगा. काळ्या आकाशात बर्फ दिसत नाही, दिव्याच्या उजेडात दिसतो. आणि घरमालकाला सांगून ठेवा की कितीही वाजले तरी दार वाजवा.

आमचं दार वाजलं ते रात्री सव्वाअकराला. अंगणात आलो तर आधी पडत होते ते बारीक गोल पांढरे दाणे. कोटावर पडून उड्या मारत होते. आई म्हणाली, "हा तर साबुदाणा!" तिची निराशा लपत नव्हती. हे दाणे म्हणजे बर्फाच्या कणांवर थंड ढगातले पाण्याचे थेंब चिकटून गोठलेले असतात. गारांइतके कडक नसतात, बोटाने चुरडतात. पुष्कळदा सुरुवात अशीच होते. इथे कंटाळून आत जाऊ नका. आम्ही वीस मिनिटं थांबलो. मग दाणे विरळ झाले, आणि दिव्याच्या पिवळ्या गोलात पहिला खरा कापूस तरंगत आला.

रुईच्या बोंडातून निघणारी 'म्हातारी' लहानपणी पकडली असेल ना? अगदी तशी चाल. खाली यायचं आहे पण घाई नाही, मध्येच थोडं वरसुद्धा जायचं. मोठ्या पावसाचा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने आदळतो. बर्फाचा पुंजका जेमतेम एक-दीड मीटरने येतो, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने. म्हणून तर एकच पुंजका हेरून तो जमिनीला टेकेपर्यंत नजरेने पाठलाग करता येतो. हे करून बघाच. थेंबाच्या बाबतीत जन्मात जमलेलं नसतं.

मग बाही पुढे करा. गडद रंगाची आणि लोकरी हवी, आणि दोन मिनिटं बाहेर थंड झालेली. गरम बाहीवर तो क्षणात पाणी होतो. श्वास रोखून जवळून बघा. सहा पाकळ्या, प्रत्येकीला नेच्यासारखी नक्षी. आईने कोटाची बाही दिव्याखाली धरली आणि चष्मा कपाळावर सरकवून कितीतरी वेळ बघत राहिली. "रांगोळीच्या ठिपक्यांसारखं मोजून काढलंय," म्हणाली. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी मांडणीत बसतात, म्हणून बाजू सहाच. पण आकार ढगातल्या तापमानावर आणि ओलाव्यावर ठरतो. उणे पाचच्या आसपास सुया तयार होतात, उणे पंधराच्या सुमाराला ती फांद्याफांद्यांची चांदणी. अमेरिकेतल्या व्हर्माँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून अशा एका स्फटिकाचा पहिला फोटो काढला आणि पुढे आयुष्यभर पाच हजारांवर काढले. जपानमध्ये होक्काइदोला उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवला आणि कोणत्या हवेत कोणता आकार होतो याचा तक्ता मांडला. तुमच्या बाहीवर सुया आल्या की चांदण्या, त्यावरून वरच्या ढगात काय चाललंय याचा अंदाज तुम्हालाही करता येईल.

नक्षी दिसली नाही, नुसते ओले गबाळे पुंजके आले, तर हवा शून्याच्या आसपास आहे आणि स्फटिक एकमेकांना चिकटून येताहेत. ते फोटोला जास्त चांगले, बघायला कमी.

फोटोचं लवकर उरका. थंडीत मोबाइलची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडते, तो आतल्या खिशात अंगाशी ठेवा. कॅमेरा बर्फाला राखाडी दाखवतो, उजेड जरासा वाढवून घ्या. रात्री फ्लॅश मारला तर जवळचे पुंजके मोठाले पांढरे गोळे होऊन येतात. काहींना ते आवडतं. आत आल्यावर कॅमेरा लगेच उघडू नका, काचेवर दव धरतं.

मग दिवा बंद करायला सांगा. पाच मिनिटं पुरे. ताज्या बर्फाच्या थरात कणांच्या मधे नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते आणि ती छिद्रं आवाज शोषून घेतात. कुत्र्याचं भुंकणं, हमरस्त्यावरचा ट्रक, सगळं कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं दबतं. त्या अंधारात आईचा हात माझ्या हातात होता. ती हळूच म्हणाली, "अगं, आवाजच नाही गं याला." मग बराच वेळ काही बोलली नाही. जळगावच्या बाजारात भाजीवाल्याशी दहा मिनिटं वाद घालणारी बाई.

मराठीत आपल्याकडे गोळेवाल्याची लादी, फ्रीजमधले खडे आणि हे, सगळ्याला 'बर्फ' हा एकच शब्द. काश्मिरीत याला 'शीन' म्हणतात, आणि मोसमातला पहिला पडला की लोक एकमेकांना 'शीन मुबारक' करतात. आपण लिहिताना 'हिमवर्षाव' म्हणतो, पण आईला तो शब्द बातम्यांतला वाटतो. तिने फोनवर मावशीला सांगताना सरळ 'कापूस' म्हटलं.

सातवी पायरी: खेळा, पण हे सांभाळा

सकाळी दहा-बारा इंच साठलेला असेल. मुलं सुटतील. सुटू द्या. पाऊल ठेवलं की कच्च्या पोह्यांच्या पोत्यात रुतल्यासारखा करकर आवाज येतो, तो ऐकायला मोठी माणसंही उगीच इकडून तिकडे चालतात. खायचाच असेल तर झाडाच्या फांदीवरचा वरचा थर चिमूटभर, जमिनीवरचा नको.

चालताना पावलं छोटी, पाय थोडे फाकवून, अंगाचा भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. मळलेल्या, दाबल्या गेलेल्या वाटेपेक्षा कडेचा मऊ बर्फ धरा. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर ती बर्फाने चोळू नका आणि शेगडीवरही धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. 'थोडी घेतली की ऊब येते' असं सांगणारा एक काका प्रत्येक सहलीत असतो. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं, आणि शरीराची ऊब तेवढीच वेगाने बाहेर जाते.

सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी सांगते. कोळशाची शेगडी किंवा कांगडी (निखाऱ्यांची छोटी काश्मिरी शेगडी) बंद खोलीत ठेवून झोपू नका. खोली तापवणाऱ्या लाकडाच्या तंदूरला किंवा बुखारीला धुराडं असतं, ते बाहेर निघालेलं आहे ना, ते बघून घ्या. गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू ठेवून काचा लावून बसू नका. मागचा धुराचा पाइप बर्फाने बुजला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो (बंद खोलीतल्या शेगडीतूनही हाच निघतो), त्याला रंग नाही आणि वासही नाही. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये बर्फ बघायला गेलेले वीसहून अधिक लोक अडकलेल्या गाड्यांत मेले, त्यातले काही या वायूने. अडकलात तर आधी पाइपभोवतीचा बर्फ उकरा, काच बोटभर उघडी ठेवा, इंजिन मधूनमधून थोडा वेळच चालवा.

निघायच्या दिवशी

आमचा रस्ता दोन दिवस बंद होता. मोकळे दिवस हाताशी होते, म्हणून राजमा-भात खात आणि पत्ते खेळत गेले. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, जेसीबी घरघरत गेला आणि ड्रायव्हरचा फोन आला.

ऊन पडलं की घाईघाईने छपराच्या कडेखाली उभे राहू नका. उतरत्या पत्र्यावरचा सगळा थर एकदम घसरून धप्पकन खाली येतो, आणि तो कापूस राहिलेला नसतो. गाडीही तिथून बाजूला घ्यायला सांगा. आम्ही सामान घेऊन दारात थांबलो होतो. पत्र्याच्या कडेने पाणी गळायला लागलं, आधी टपटप, मग सरीसारखं सलग.

आईने कान दिला आणि म्हणाली, "आत्ता कसं पडल्यासारखं वाटतंय."